माळ्यावरचं शिळं पाणी

लिफ्टवाल्याने आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण सासूबाईंना फोनवरून नळाचा आवाज ऐकवला, ती थाप त्याच्या चांगलीच अंगाशी आली.

हा गडी परदेशात येऊन मुरलेला. दिवसभर लोकांच्या उंच उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी आपण मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, पार वरच्या मजल्यावर, धापा टाकत चढायचं. तिथले नळ दिसायला चकचकीत. पण पाणी यायचं ते स्वतःच्या मर्जीने. कधी भल्या पहाटे, कधी भर दुपारी, कधी कधी तर नाहीच. आलं की खालचा वॉचमन पाइपावर पाना आपटायचा. ती टणटण ऐकली की अख्खी इमारत हातातलं टाकून बादल्यांकडे धावायची. तळमजल्यावरचा न्हावी तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून पळायचा. लिफ्टवाल्याची बायको कपडे शिवून द्यायची. तिची टीप अर्ध्यात, मशीन चालूच आणि ही मोरीत.

तिकडे गावी सासूबाई एकट्या. तिथेही पाणी चार दिवसांनी एकदा, तेही खाली चाळीच्या नळाला. जिना चढून हंडे नेता नेता म्हातारीचा खांदा कामातून गेला. लेक रोज फोनवर म्हणायची, "आई, ये ना गं इकडे."

"तिकडे येऊन काय करू? इथलं पाणी कोण भरणार?"

एक दिवस लिफ्टवाल्याला राहवेना. त्याने फोन हिसकावून घेतला. "आई, पाण्याचं काय घेऊन बसलात? इथे नळाला चोवीस तास पाणी!"

"काहीतरीच तुमचं, जावईबापू!"

"खोटं वाटतं? ऐका मग." असं म्हणून त्याने दुसऱ्या मोबाइलवर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला नळ लावला. धो धो धो! बायको हातात तांब्या घेऊन नवऱ्याकडे डोळे फाडून बघतेय, कारण तिची आंघोळ त्याच एका तांब्यावर अडली होती.

"अगंबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या, "अजून चालूच आहे? बंद करा हो, वाया जातंय."

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. फोन केला की खुशाली नंतर, आधी "ऐकवा जरा." हाही ऐकवायचा. शेवटी म्हातारी यायला तयार झाली. "महिनाभर बघते. जमलं तर राहते. नाहीतर परतीचं तिकीट आहेच."

फोन ठेवल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता? आईला इथलं खरं कळलं की ती पहिल्या विमानाने परत जाणार. आणि तिथे पुन्हा तोच हंडा आणि तोच खांदा. ती तिथे एकटी पडली-झडली तर मी तुम्हाला सोडणार नाही, सांगून ठेवते."

"तू बघच गं," लिफ्टवाला म्हणाला. असं म्हणताना त्याच्या मिशीला जो कोपऱ्यातून बाक यायचा, तो बघून बायकोला नेहमी धडकी भरायची.

मोरीवरच्या माळ्यावर त्याने दोन निळी पिंपं चढवली, त्यांच्यातून पाइप काढून गुपचूप घरातल्या सगळ्या नळांना जोडला आणि पुढे पडदा लावला. नळ कधीही उघडा, पाणी हजर. आता पिंपं भरायची कशी? त्याने चाकांची एक मोठी बॅग घेतली. सकाळी निघताना बॅगेत रिकामे कॅन, संध्याकाळी येताना भरलेले. जिथे काम असेल तिथल्या वॉचमनशी गोड बोलून पाणी भरून घ्यायचं. आणि आपल्या वॉचमनला त्याने बजावून ठेवलं, "पाना आपटायचा नाही. म्हातारीला कळेल. पाणी आलं की आमच्या गॅलरीखाली येऊन शिट्टी घालायची. बाकीच्यांनाही तीच खूण सांगून ठेव."

सासूबाई आल्या. चप्पल काढली न काढली तोच त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला. पाणी आलं. बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा आलं! म्हातारी लहान पोरीसारखी हसली. पहिले काही दिवस तर विचारू नका. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, मधेच "जरा पाय धुऊन येते." इकडे लिफ्टवाल्याचे खांदे कॅन उचलून उचलून उतरले, पण सासूबाईंचं ते हसणं बघून गडी खूश.

पुढे पुढे मात्र हसणं आटत गेलं. म्हातारी गॅलरीत नुसती बसून राहायला लागली. चहा दिला तर घ्यायची, विचारलं तर बोलायची. लिफ्टवाल्याला वाटलं, नळाला जोर कमी पडतोय. त्याने एक छोटा पंप बसवला. तरी म्हातारीचं तोंड उतरलेलंच. उलट ती जावयाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. आणि लेकीकडेही.

एकदा खालून शिट्टी आली. लेक शिवणकाम टाकून केस सावरत मोरीकडे पळाली. बाहेर आली ती खुशीत.

"अगं बयो," सासूबाई म्हणाल्या, "या वयात कुणाच्या शिट्टीवर धावतेस?"

"कुठे काय, आई! मोरीत काम होतं."

सासूबाईंनी गॅलरीतून खाली पाहिलं. खाली वॉचमन वर बघत हात हलवत होता. सासूबाईंनी आत येऊन गॅलरीचं दार धाडकन लावून घेतलं.

मग एका रात्री जेवताना त्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "मी रविवारी निघते."

"आई! का गं? काय कमी पडलं?"

"कमी काही नाही. सगळं आहे. नळ उघडला की पाणी, बटण दाबलं की धुणं. इथे माझं काय काम? तिकडे पाण्याच्या दिवशी सगळ्या बायका खाली जमायच्या. दोन शब्द बोलायचे, चार भांडणं व्हायची. इथे दिवस उगवतो आणि मावळतो, बस."

जेवणं झाल्यावर मोरीत नवरा-बायको हळू आवाजात भांडले. "तुमच्यामुळे!" "माझ्यामुळे? मी पाणी दिलं त्यांना!" शेवटी ठरलं ते एवढंच की दोन दिवसांत काहीतरी करून तिचं मन वळवायचं. निदान पाण्याला तरी खंड पडू द्यायचा नाही.

नेमकं त्याच वेळी पाणी गायब झालं. वॉचमनची शिट्टी नाही की काही नाही. शनिवारी सकाळी आणून ठेवलेल्या कॅनांनी माळ्यावरची दोन्ही पिंपं काठोकाठ भरून, सगळी भिस्त त्यांच्यावर टाकून लिफ्टवाला बॅग ओढत कामाला गेला. बायको कपडे पोचवायला बाहेर पडली. घरात सासूबाई एकट्या.

संध्याकाळी लिफ्टवाला परतला तर जिन्याची पहिलीच पायरी ओली. दुसरीही ओली. तो भराभर चढत गेला. सगळा जिना कसा लख्ख! न्हावी कठड्याला टेकून उभा होता. घरात प्यायला पाणी नाही आणि इथे पायऱ्या धुतल्यात, हे बघून बिचारा डोकं खाजवत होता. त्याने नुसतं वर बोट दाखवलं.

वर गॅलरीत दोन निळी पिंपं उलटी घालून उन्हात वाळत होती.

"आलात का, जावईबापू?" सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला होता. "जाता जाता म्हटलं, लेकीचं घर जरा घासूनपुसून द्यावं. जाळी काढायला स्टुलावर चढले आणि तो पडदा सरकवला. काय तुम्ही लोक! नळाला चोवीस तास पाणी आणि माळ्यावर एवढं शिळं पाणी साठवून ठेवलंय! कधीचं होतं कुणास ठाऊक. खालचा पाइप सोडवून बादली-बादलीने सगळं काढून टाकलं. म्हटलं वाया कशाला घालवा, जिना धुऊन काढला. आता भरा ताजं."

तिकडे गावी ताजं पाणी आलं की कालचं ओतायचं, ही म्हातारीची आयुष्यभराची शिस्त. लिफ्टवाल्याला तेवढंच सुचलं नव्हतं.

तो काही बोलायच्या आत सासूबाईंनी त्याच्यासाठी चहा टाकायला नळ उघडला. नळ आधी शिंकला. मग खर्र्र केलं. मग थंड पडला.

"अगंबाई. ह्याला काय झालं?"

तेवढ्यात बायको दारात. तिने पिंपं पाहिली, नळ पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. "आई, इथे पाणी येत नाही गं. म्हणजे येतं, पण कधीमधी. आम्ही तुला खोटं सांगितलं."

सासूबाईंनी नळाची तोटी हळूच बंद केली, जशी काही चूक त्या तोटीचीच होती.

"म्हणजे जावईबापू रोज बॅग घेऊन जातात ते?"

"पाणी आणायला," लिफ्टवाला पुटपुटला.

"आणि ती शिट्टी?"

"पाणी आल्याची खूण."

"आणि फोनवरचा नळ?"

लिफ्टवाल्याने मान खाली घातली. "रेकॉर्ड केलेला होता, आई."

सासूबाई स्टुलावर बसल्या. तोंडावर पदर घेतला. त्यांचे खांदे हलायला लागले. "आई, रडू नकोस गं," म्हणत लेक धावली, तर पदराआडून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हताच. म्हातारी पोट धरून हसत होती!

"अगं, मला वाटलं... हे रोज बॅग भरून घर सोडून चाललेत आणि संध्याकाळी... संध्याकाळी माघारी येतायत. आणि तू त्या वॉचमनच्या... अगं, मी देवाला नवस बोलले की गं!"

"वॉचमन?" लेक किंचाळली. "त्याच्या तोंडात दात तरी आहेत का सगळे!"

"म्हणूनच तर शिट्टी छान वाजते," लिफ्टवाला म्हणाला आणि बायकोने त्याला ओलं फडकं फेकून मारलं.

इतक्यात खालून टणटण, टणटण! नळ कोरडे म्हणून टँकर आला होता. तहानलेली अख्खी इमारत खाली बोलवायच्या घाईत वॉचमन शिट्टीची ताकीदच विसरला. सासूबाईंचे कान टवकारले. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, हंडा उचलला आणि जिना उतरायला लागल्यासुद्धा.

खाली नुसता गोंधळ. बादल्यांवर बादल्या, न्हावी सगळ्यांत मोठं पिंप घेऊन सगळ्यांत पुढे. दहा भाषांत भांडण चाललं होतं. त्यात सासूबाईंनी अकरावी घातली.

"ए दाढीवाल्या! हो मागे! आधी प्यायचं पाणी. घरटी एक-एक भांडं. वापरायचं नंतर. ते पिंप घेऊन काय हत्ती धुणारेस का?"

न्हाव्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण तो मागे झाला. सगळेच झाले. पाण्याच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईचा आवाज जगात कुठेही कळतो बहुतेक. बघता बघता रांग लागली. पोळ्या लाटाव्यात तशा सफाईने सासूबाई भांडी पुढे सरकवत होत्या. मधेच एका बाईला खुणेने विचारत होत्या, किती पोरं? तिनेही खुणेनेच उत्तर दिलं आणि दोघी खळखळून हसल्या.

लिफ्टवाला बघतच राहिला. महिनाभर खांदे मोडून जे हसू विकत मिळेना, ते इथे टँकरखाली फुकट सांडत होतं.

सासूबाई भरलेला हंडा उचलायला वाकल्या तशी लेक ओरडली, "आई, खांदा!"

"थांबा, आई." लिफ्टवाल्याने कामाच्या बॅगेतून कप्पी आणि दोर काढला. वर जाऊन गॅलरीच्या लोखंडी दांडीला कप्पी अडकवली, दोराच्या एका टोकाला हंडा, दुसऱ्या टोकाला जडशी अवजारांची पेटी. जरा ओढ दिली की पेटी खाली आणि हंडा आपला डुलत डुलत वर. लिफ्टच्या माणसाने अखेर स्वतःच्या इमारतीला लिफ्ट लावली! खाली टाळ्या पडल्या. न्हाव्याने लगेच आपलं पिंप पुढे केलं. तो तळमजल्यावर राहतो, ह्याची त्याला सासूबाईंनी खुणेनेच आठवण करून दिली.

"अहो, हे आधी का नाही केलंत?" बायको म्हणाली. "एवढे कॅन जिन्यावरून ओढलेत ते!"

"आधी कसं करणार? पाणी लपवायचं होतं ना!"

रविवारी सकाळी लिफ्टवाला गपचूप उठला. आज विमान. गाडी किती वाजता बोलवायची हे विचारायला तो सासूबाईंच्या खोलीत डोकावला. पलंगावर साड्यांचा ढीग, कपाट उघडं आणि सासूबाई आपली रिकामी बॅग झटकत उभ्या.

"ही घ्या, जावईबापू. हिच्यातही दोन कॅन मावतील. आणि त्या न्हाव्याला सांगा, पुढच्या वेळी मी खाली आल्याशिवाय रांग सुरू करायची नाही."

लिफ्टवाल्याने बॅग दाराशी ठेवली आणि तो आंघोळीला गेला; पिंपं रात्रीच पुन्हा माळ्यावर चढवून टँकरच्या पाण्याने भरली होती. खुशीत डोक्याला, तोंडाला, मिशीला भरपूर साबण फासला, डोळे मिटून नळाखाली डोकं धरलं. धार आली. आणि थांबली.

"अगं ए! पाणी गेलं!"

डोळ्यांत साबण झोंबतोय, हात नळाच्या तोटीवर चाचपडतायत, आणि वरून, माळ्याच्या बाजूने, खिदळण्याचा आवाज. त्याने एक डोळा कसाबसा किलकिला केला. पडद्याआडून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं होतं आणि त्यांचा हात पिंपाच्या कॉकवर होता.

"काय हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "चोवीस तास ना?"

आणि मोरीच्या दाराबाहेरून लेकीने मोबाइल लावला. धो धो धो!