पदरातला प्रसाद

“तोंड उघड, मल्लम्मा.”

सिद्धप्पाने हे जरा हळू म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सगळी नोकरी बसच्या कंडक्टरकीत गेलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. फादरच्या हातून परमप्रसाद घेऊन परतणारी रांग जागच्या जागी थबकली. नौबादच्या गल्लीत खानावळींसाठी भाकऱ्या थापून पोट भरणारी मल्लम्मा सगळ्या चर्चसमोर तोंड घट्ट मिटून उभी राहिली.

सिद्धप्पा इथला उपदेशी. फादर गावाला गेले की प्रार्थना तोच चालवायचा, पोरांना धर्माचे धडेही तोच द्यायचा. परमप्रसाद घेणाऱ्यांवर नजर ठेवायचं काम मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. बिनतिकिटाचा माणूस जसा त्याच्या तावडीतून सुटायचा नाही, तसा तळहातावर घेतलेला प्रसाद तिथल्या तिथे तोंडात न टाकणाराही सुटायचा नाही. ते ख्रिस्ताचं शरीर आहे, खिशात घालून न्यायची चीज नव्हे, असं तो पोरांना बजावायचा.

“तोंडात न्हाई, मग गेला कुटं? पदराला काय बांधलीस?”

“काय न्हाई, अण्णा.”

“मग गाठ सोड की. थांबलीस कामून?”

मागच्या बाकावर कुणीतरी ‘भानामती’ म्हणालं. बारीक आवाजातच म्हणालं, पण मल्लम्माला ते ऐकू गेलं. या एका शब्दापायी बायकांना घरदार सोडून परागंदा व्हावं लागलेलं तिने पाहिलं होतं. तिने गाठ सोडली.

गाठीत सुपारीचं खांड निघालं, खोलीची किल्ली निघाली, आणि त्यांच्यामध्ये तो पापडाहून पातळ, पांढरा प्रसाद. किल्लीने मोडून त्याचे दोन तुकडे झाले होते, आणि दोन्हींना ज्वारीचं पीठ लागलं होतं. कितीही धुवा, तिच्या लुगड्यातून पीठ म्हणून जायचं नाही. आत्ताच्या आत्ता धरणीने पोटात घ्यावं असं मल्लम्माला झालं. देवाचं शरीर, आणि ते आपण सुपारीसोबत बांधलं!

फादर वेदीवरून खाली आले. मंगळूरकडचा तरुण माणूस, मराठी इथे येऊन शिकलेला, म्हणून शब्द जपून वापरायचा.

“कुणासाठी नेत होता, मल्लम्मा?”

गप्प राहावं तर भानामती जन्मभर चिकटणार. बोलावं तर घरात खाटेवर पडलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणार. तिने एकदा खाली पाहिलं, एकदा फादरकडे पाहिलं.

“आमच्या ह्यांच्यासाठी.”

“गुरप्पासाठी?” सिद्धप्पा पुन्हा गरजला. “त्यो जहिराबादला लेकीकडं हाय म्हणालतीस की!”

“कुटं गेले न्हाईत ते. घरातच हायत. अंगावरून वारं गेलंय त्यांच्या.”

गुरप्पाला चर्चमध्ये कोण ओळखत नव्हतं? रविवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून तो ढोलकीवर बसायचा, आणि त्याच्या उजव्या हाताची थाप पडल्याशिवाय गाणाऱ्यांचा सूर लागायचा नाही. वारं गेलं ते नेमकं त्याच उजव्या अंगावरून. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, लाळ गळायला लागली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी त्याने डाव्या हाताने मल्लम्माचं मनगट धरलं. जीभ जड झाली होती, तरी तेवढं वाक्य त्याने नीट उच्चारलं, “कुनाला दावू नको मला.”

म्हणून मल्लम्माने जहिराबादची थाप मारली. एक खोटं निभवायला रोज नवं खोटं बोलावं लागे. लेक कशी आहे, नातू चालायला लागला का, असं कुणी विचारलं की ती खालमानेने काहीबाही सांगायची आणि घाईने घर गाठायची.

मग एका रविवारी ती चर्चहून आली तेव्हा गुरप्पाने तिच्या तोंडाकडे बोट केलं, मग आपल्या. “मला?”

मल्लम्माला त्यात अवघड काही वाटलं नाही. उरसातला मलिदा असो की जत्रेतली बुंदी, न आलेल्याचा वाटा पदरात बांधून आणायचा, ही रीत ती लहानपणापासून बघत आली होती. आई आणायची, शेजारणी आणायच्या. घरी अडकून पडलेल्या माणसाला देवाने उपाशी ठेवावं, असं कुठे असतं का? पुढच्या रविवारपासून तीही आणू लागली. घरी आली की दोन वाटे करायची. अर्धा त्याला, अर्धा तिला. भाकरीचा काला त्याच्या वाकड्या तोंडातून निम्मा बाहेर यायचा आणि त्याचे डोळे शरमेने भरायचे. हा तुकडा मात्र जिभेवर ठेवला की आपोआप विरघळायचा, काही सांडायचं नाही. आठवड्याभरात तेवढा एकच घास गुरप्पा ताठ मानेने खायचा, आणि त्या सुखापुढे मल्लम्माला दुसरं काही सुचायचं नाही.

यातलं ती चर्चमध्ये काहीच बोलली नाही. फादरनी तिच्या पदरातले ते दोन तुकडे उचलले आणि पिठासकट, सुपारीच्या कणासकट स्वतःच्या तोंडात घातले.

“आजारी माणसाकडे मी येतो, मल्लम्मा. मला सांगायचं असतं हे. दुपारी येतो.”

तिला त्या सकाळी प्रसाद मिळालाच नाही. मागायची हिंमतही झाली नाही.

घरी येऊन तिने खोली झाडली, चादर बदलली, उदबत्त्या लावल्या. मुताचा वास तरी जाईना. गुरप्पाची नजर तिच्या पदरावर होती. पदराला गाठ नव्हती.

“सांगितलं मी,” ती म्हणाली. “फादर यायलेत.”

“दावलीस मला,” एवढं म्हणून गुरप्पाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी फादर आले. मागे मेणबत्ती धरून सिद्धप्पा. खोलीत तिसरा माणूस मावेना, म्हणून तो उंबऱ्यातच उभा राहिला. बसायला खुर्ची नव्हती. मल्लम्मा ओशाळून इकडेतिकडे बघतेय तोवर फादर पिठाच्या डब्यावर बसलेसुद्धा. गुरप्पाने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली.

फादरनी प्रार्थना म्हटली. चादर हलली नाही. त्यांनी हाक मारली. चादर हलली नाही.

मल्लम्मा खाटेशी बसली. परक्या माणसांसमोर नवऱ्याशी असं बोलायची तिला सवय नव्हती.

“आज समद्यांम्होरं मला चोर ठरवलं,” ती म्हणाली. “लई लाज वाटली. खोटं बोलल्याची वाटली, पदरात बांधल्याची वाटली. पर तुमचं नाव घ्यायची लाज न्हाई वाटली मला. तोंड काढा भाईर. एवडं ऐका माजं.”

मग चादरीखालून डावा हात बाहेर आला, चाचपडत तिच्या पदरापर्यंत पोचला. सकाळच्या गाठीने चुरगळलेलं ते टोक गुरप्पाने ओढून घेतलं, त्यानेच आपली लाळ पुसली, आणि चादर खाली सारून वाकडं तोंड उघडलं.

फादरनी प्रसाद मोडून अर्धा त्याच्या जिभेवर ठेवला. तो विरघळला. काही सांडलं नाही. गुरप्पाची डावी बोटं खाटेच्या लाकडावर दोनदा हळूच वाजली.

उरलेला अर्धा फादरनी मल्लम्मापुढे धरला. आज आपल्याला काही मिळणार नाही असंच ती धरून चालली होती. तिने दोन्ही हात पुढे केले, तुकडा तोंडात घेतला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या जिवाला थंडावा मिळाला. तिला रडू आलं, हसूही आलं.

तेवढ्यात तिला काय आठवलं कोण जाणे. ती घाईने उंबऱ्याकडे वळली आणि मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या सिद्धप्पासमोर तिने आ वासून तोंड उघडून दाखवलं.

सिद्धप्पाने मान खाली घातली.

“मिट, अक्का,” तो म्हणाला. “तोंड मिट.” आणि हे तो इतकं हळू म्हणाला, की खोलीतल्या फादरनाही ते ऐकू गेलं नाही.