सरदारणीची खिडकी

पोथी वाचताना दुःखाच्या जागी थांबायचं नाही, ही जुन्या रायपुरातल्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यातली शिस्त. वनवास सुरू असेल तर निदान झोपडी उभी राहीपर्यंत वाचायचं, मगच पोथी मिटायची. पोथीपुरतं हे ठीक होतं. आम्ही बायकांनी तोच नियम कादंबरीला लावला, आणि कादंबरी निघाली कैदेतल्या बाईची.

भोसल्यांच्या काळातली एक सरदारीण. नवरा लढाईत गेला, जहागिरीसाठी दिराने तिला गडावरच्या खोलीत कोंडलं. एवढं जाडजूड पुस्तक, आणि बाई खोलीबाहेर म्हणून पडत नाही! लेखकाला दयामाया नाही. दर गुरुवारी दुपारी रामाच्या देवळाच्या ओसरीवर मी मोठ्याने वाचायची, बाकीच्या वाती वळत ऐकायच्या, आणि उठायची वेळ झाली की प्रश्न पडायचा, थांबायचं कुठे? मग शोधावं लागायचं. दासीने पदराआड कैरी आणली, थांबलो. खिडकीत साळुंकी येऊन बसली, थांबलो. कैरीच्या दिवशी आमच्यातली कमला इतकी खूश झाली की घरी जाऊन तिने लोणचंच घातलं. मुंगी साखर वेचते तसा आनंद वेचायची सवय आम्हाला त्या बाईने लावली.

पुस्तक निवडलं होतं इरावतीकाकूंनी. वय ऐंशीच्या पुढे, काचबिंदूने दृष्टी गेलेली, जीभ मात्र शाबूत. मला वाचायला बसवलं तेही त्यांनीच. नवरा गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची, तेव्हा दारात येऊन म्हणाल्या, "काहून पडून राहिली अशी, विजया? मले दिसत नाही अन् तुले काम नाही. चल, वाच." तेव्हापासून गुरुवार माझा झाला.

मग मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, मंत्रालयामागे माझा मुलगा शेखर, आणि शेखरमागे मी. सामानाचा ट्रक निघाला तो नेमका गुरुवार. दिराने सरदारणीची खिडकी बुजवायला गवंडी पाठवला होता, विटा चढत होत्या, आणि बाहेर शेखरने हॉर्नवर हॉर्न दिले. "आई, चलो ना, ट्रकवाला चिल्ला रहा है!" खिडकी अर्धी बुजलेली, आणि मी पुस्तक मिटून उठले. काकूंचा वात वळणारा हात तसाच थांबला.

नव्या रायपुरात रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारावी तर घसा बसेल. पण पलीकडे माणूस असेल तर! बस कधी येते ते त्या बसलाच ठाऊक. शेखर म्हणायचा, संडेला गाडीने सोडतो. रविवारी बायकांना कुठली सवड? सून रूपाली भली आहे. ती म्हणाली, "माँजी, आगे का अकेले पढ़ लो ना." ऐकणारं कोणी नसेल तर ते वाचन कसलं, हे तिला कसं समजावू? पुस्तक उशाशी असायचं, मी उघडत नव्हते. दुपार झाली की ती ओसरी, काकूंचं हुंकार देणं, कमलाचं खाकरणंसुद्धा इतकं आठवायचं की जीव कासावीस व्हायचा. भीती एकच होती. माझ्यावाचून राहायची त्यांना सवय होईल.

शेवटी एका गुरुवारी मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि बसथांब्यावर जाऊन बसले. ऊन डोक्यावर आलं, माझं डोकं तापलं, पण बस आली.

ओसरीवर दोघीच होत्या, काकू आणि कमला. बाकीच्या पांगल्या होत्या.

"आली का वो बाई?" कमला म्हणाली. "आम्ही तं समजलो, तू आता मोठ्या सडकेची झाली!"

मी तिला उत्तर न देता पुस्तक उघडलं. खिडकी पुरती बुजली. दासीलाही काढून टाकलं. पान उलटलं तर अंधार, पुढच्या पानावरही अंधारच. नातू शाळेतून यायची वेळ झाली तशी कमला निघून गेली. माझी परतीची बसही सुटायला आली होती. प्रकरण संपलं, पण कैरी नाही की साळुंकी नाही. पुन्हा तिला असं सोडून मी उठणार नव्हते. आवाज न बदलता मी वाचलं, "जाता जाता गवंड्याने एक वीट ढिली ठेवली होती. सरदारणीने ती हलवली, तर बोटावर ऊन आलं."

आणि पुस्तक मिटलं.

"हे त्यात नाही," काकू म्हणाल्या.

मी चपापले. "तुम्हाले काय माहीत?"

"डोळे होते तेव्हा दोनदा वाचलं मी. ती खिडकी बुजली का पुढं काहीच चांगलं नाही त्यात. बाई तिथंच मरते."

"मंग इतके गुरुवार काहून ऐकत होत्या? मी नव्हती तरी इथं काहून येऊन बसून राहिल्या?"

"पुस्तकासाठी कोण येते, पोरी?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी पुसलीही नाही. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"पुढच्या गुरुवारी ये," त्या म्हणाल्या. "ती वीट अजून जराशी हलव."