उजवीकडचा खिसा

"अहो, हा खिसा कुठल्या बाजूला लावलाय तुम्ही?"

मास्तरांच्या बायकोने इस्त्री बाजूला ठेवली आणि कोट खांद्याला धरून उंच केला. मास्तर तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. मान वर न करता ते टाचण्यांमधूनच पुटपुटले, "जिथे असतो तिथे."

"जिथे असतो तिथे नाहीये. उजवीकडे आहे."

मास्तरांनी वर पाहिलं, टाचण्या एकेक करून काढल्या आणि मटकन स्टुलावर बसले. चाळीस वर्षांच्या शिवणकामात त्यांच्या हातून असलं काही झालं नव्हतं. आणि झालं ते नेमकं या कोटाच्या बाबतीत!

दोष द्यायचा तर मंदीला द्यायला हवा. तीन वर्षांपूर्वी कारखाने धडाधड बंद पडले, सरकारने बाहेरून येणारं कापड थांबवलं आणि माणशी वर्षाला एक कुपन ठरवून दिलं. एका कोटाला कुपनं लागत सहा. त्यामुळे नवा कोट शिवायला मास्तरांच्या दुकानात कुणी फिरकेना. येत ते जुने कोट उलटून घ्यायला. म्हणजे कोट पार उसवायचा, कापडाची झिजलेली बाजू आत घालायची, आतली कोरी बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. कोट नव्यासारखा दिसे. एकच गोष्ट लपत नसे. छातीवरचा डावीकडचा खिसा उजवीकडे जाई.

सुरुवातीला लोक त्या खिशावर घडी घातलेलं वर्तमानपत्र धरून चालायचे. पुढे गावभर उजवे खिसे झाले, तेव्हा वर्तमानपत्रं पुन्हा वाचायच्या कामी आली. पण उजवा खिसा म्हणजे उलटलेला कोट, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

हा कोट मात्र नवा होता, पोस्टमनकाकांचा. काकांना साठीपर्यंत नोकरी करायची होती, पण सरकारने खर्च कमी करायला पंचावन्न पूर्ण झालेल्या सगळ्यांना घरी पाठवायचं ठरवलं. वर हुकूम असा, की निरोपाच्या दिवशी सकाळीच गणवेश जमा करायचा. तो पुढच्या माणसाला चालेल. काकांनी एकतीस वर्षं गणवेशाखेरीज अंगात काही घातलं नव्हतं. तेव्हा त्यांनी आणि काकूंनी तीन वर्षं साठवलेली सगळी कुपनं मास्तरांपुढे ठेवली.

"मास्तर, एकदाच शिवायचाय. जाताना माणूस धड दिसला पाहिजे, बाकी काही नाही," काका म्हणाले होते.

मास्तरांनी जीव ओतला होता. एकतीस वर्षं टपालाची पिशवी वाहून काकांचा डावा खांदा चांगला दोन बोटं खाली आला होता. कोट सरळ बसावा म्हणून त्यांनी त्या खांद्यात कापसाचे थर घातले, चार वेळा उसवले, पाचव्यांदा मनासारखं जमलं. सगळं लक्ष त्या खांद्यात. खिशाची चीर हाताने आपली आपणच पाडली, तीन वर्षांच्या सवयीने, उजवीकडे.

"रफू करता येईल?" त्यांनी बायकोला विचारलं. गल्लीत तिच्यासारखं रफू कुणाला येत नसे.

"चीर बुजवायला आठवडा लागेल. निरोपाचा कार्यक्रम आज चारला आहे," ती म्हणाली. "आणि डावीकडच्या खिशाला कापड कुठाय?"

कापड नव्हतंच. बोटभर चिंधीसुद्धा उरली नव्हती.

दुपारी काका आले ते साध्या शर्टात. गणवेशाशिवाय त्यांना पाहून कोपऱ्यावरचं कुत्रं, रोज त्यांच्या मागे शेपूट हलवणारं, आज चक्क भुंकलं. "बघा वहिनी, सरकारी हुकूम याच्यापर्यंतही पोचला!" काका हसत आत आले. त्यांनी कोट अंगात घातला, आरशापुढे उभे राहिले, बाही कुरवाळली. मग त्यांचा हात छातीवर आला आणि थांबला.

"चुकलो मी, काका." मास्तर म्हणाले.

काका क्षणभर आरशातच बघत राहिले. तोंड उतरलं होतं, ते त्यांनी लगेच सावरलं. "म्हणजे लोकांना वाटणार, उलटलाय."

"वाटणार."

"मग वाटू दे. मी सांगेन, जुनाच होता. तुम्ही कुणापाशी बोलू नका हं, मास्तर. नव्या कोटाचा खिसा चुकवला म्हटल्यावर लोक पलीकडच्या गल्लीत जातील. तिथे नवं दुकान निघालंय, ठाऊक आहे ना?"

मास्तरांना ते चांगलंच ठाऊक होतं.

चार वाजता टपाल कचेरीच्या हॉलमध्ये निम्मे दिवे काटकसरीसाठी बंद होते आणि चहाच्या जागी पाणी होतं. भाषण पाच मिनिटांपेक्षा जास्त करू नये असंही परिपत्रक निघालं होतं. मंदीत जनतेला मिळालेली खरी सवलत काय ती एवढीच. मास्तर बायकोसह मागच्या रांगेत बसले.

मोठे साहेब उठले. "काटकसर कशी करावी, ते आपल्या काकांकडून शिका! स्वतःच्या निरोपालाही उलटलेला कोट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी हात जोडले, हसले. पहिल्या रांगेत काकू मात्र खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या. तीन वर्षं त्या माउलीने अंगावर नवा धागा घेतला नव्हता. मास्तरांना खुर्चीत बसवेना.

"उठताय, का मी उठू?" बायको कुजबुजली.

मास्तर उठले. "साहेब, तो कोट नवा आहे! सहा कुपनांचा. काका-काकूंनी तीन वर्षं साठवली होती. खिसा माझ्या हातून चुकला. तुमचे सगळ्यांचे कोट उलटता उलटता हाताला तीच सवय लागली हो!"

साहेबांनी सावकाश खाली, स्वतःच्या उजव्या खिशाकडे पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मग सगळा हॉल हसला. काकाही डोळे पुसत हसत होते.

हसणं ओसरलं तसं कुणीतरी विचारलं, "काका, हात लावून बघू?"

आणि मग एकेक जण पुढे आला. टपाल वाटणारे, शिक्के मारणारे, शेवटी साहेबसुद्धा. कोटाचं नवं कापड कुणी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणी बाही चिमटीत धरली, तिकिटं विकणाऱ्या बाईंनी तर नाक लावून वास घेतला. "कोरं आहे हो, अगदी कोरं!" त्या काकूंना सांगत होत्या, आणि काकू मान डोलावत होत्या, जणू त्यांनाच ते माहीत नव्हतं.

सगळ्यांनी मिळून काकांना एक पेन दिलं. काकांनी ते डाव्या छातीशी नेलं, बोटं कापडावरून घसरली, तसं हसून ते उजव्या खिशाला अडकवलं. मास्तरांनी कान पकडले.

निघताना काकांचा हात सवयीने दाराशेजारच्या खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती. पिशवी सकाळीच दुसऱ्याच्या खांद्यावर गेली होती. हात तसाच मागे घेऊन त्यांनी कोटाची बटणं लावली आणि काकूंबरोबर पायऱ्या उतरले.

मास्तर दारात उभे राहून पाठमोऱ्या काकांकडे बघत होते.

"खांदे बघ," ते बायकोला म्हणाले. "दोन्ही अगदी सरळ आहेत."