माफी साहेबांच्या हातची

ॲसाहेल क्रेन छावणीतून पळाला होता, हे खोटं नाही. बायको बाळंतपणात अडली म्हणून घरी गेला आणि तिला पुरून आपल्या पायांनी परत आला. पण इंग्रजांशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याची लढाई चालू असताना पळाला तो पळाला, त्याला कायद्यात फाशी आहे. आम्ही दोघं कनेक्टिकटमधल्या एकाच गावचे. पहाऱ्याचा हवालदार म्हणून त्याला सांभाळायचं नेमकं माझ्याच नशिबी आलं.

तेरा अधिकाऱ्यांचं लष्करी कोर्ट तंबूत बसलं. फाशीला त्यांतली नऊ मतं लागतात, आणि पहिलं मत सगळ्यात धाकट्यानं द्यायचं, म्हणजे कोणी वरिष्ठांच्या तोंडाकडे बघून बोलू नये. रीत चांगली आहे. पण तंबूचं कापड पातळ, बाहेर मला सगळं ऐकू येत होतं.

धाकटा लेम्युएल हार्ट अडखळत म्हणाला, "फाशी. पण दयेची शिफारस जोडू या ना, मेजरसाहेब? माणूस आपणहून परत आलाय."

"शिफारस कशाला?" कोर्टाचे प्रमुख मेजर ब्लॅकली हसले. "जनरलसाहेब दर वेळी फासाखाली माफी देतातच. दया आपणच वाटून टाकली, तर त्यांच्या मोठेपणाला उरलं काय? तू त्यांना शिकवणार होय रे?"

सगळे हसले. तेराच्या तेरा मतं फाशीला पडली. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला यांचं काय जातं!

सकाळी फासासमोर पलटण उभी राहिली. शिडीवर चढताना ॲसाहेल मला म्हणाला, "तोंड का पाडलंयस? माझ्या वाटणीची भाकर निखाऱ्यावर ठेवलीय ना? जळली तर तुझी खैर नाही."

तेवढ्यात घोड्याच्या टापा आल्या. "आली माफी!" पलटणीत कुजबुज झाली. जनरलसाहेबांचा माणूस खाली उतरला. मेजर हसत पुढे गेले.

"थांबलात कशाला? उरका," तो म्हणाला.

"आणि माफी?"

"साहेबांनी विचारलं, कोर्टानं दया मागितलीय का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, त्याला समोर बघून तेरांतल्या एकालाही दया आली नाही, मग मी कशी करू?"

हार्ट धावत पुढे आला. "मी मागतो! आत्ता मागतो!"

मेजरांनी त्याचा दंड धरला. "कोर्ट उठलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. मला त्या तेरांची किळस आली.

ॲसाहेलनं वरून माझ्याकडे पाहिलं.

"भाकर तू खा," तो म्हणाला.

त्याच्या पायांखालची शिडी मलाच ओढायची होती.