आडवं पातं

मित्रांनो, मी एक जुना निशाण्याचा गठ्ठा आहे. गोणपाटाच्या घड्या, दोन फळ्या आणि सुंभाचा दोर, एवढंच माझं शरीर. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, मला खात्री नाही. सुंदरबाईची मात्र आहे, म्हणून बोलायला धजतो.

आमचं गाव लिंबागणेशच्या पलीकडे. दसऱ्याला वेशीवरच्या लिंबाला दोराने आपट्याची जुडी टांगतात. रुंद पात्याच्या एकाच बाणाने तो दोर कापायचा. जुडी खाली पडली की मग गाव सोनं वाटतं. हा मान शहादेवच्या घराचा. पण ऊसतोडीला गेलेला असताना मोळी चढवताना त्याचा खांदा निखळला, तो कायमचा. धनुष्य ओढणं संपलं. तेव्हा त्याची बायको सुंदरबाई म्हणाली, "मी मारते."

सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव पारावर बोलले, "मान घराचा हाय, हात कोनाचाबी चालंल. पन बाण हुकला, तर मान सटवाच्या घरी जाईल."

शेजारी बसलेला सटवा म्हणाला, "मी आत्ताच धनुष्याला तेल लावून ठिवतो."

सरावासाठी शहादेवने परसात कडब्याच्या पेंढ्या आवळून निशाणा बांधला. तो माझा थोरला भाऊ. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सकाळी पाहतात तर गाईने दावं तोडून त्याला अर्धा खाल्लेला. सुंदरबाईला हसू आवरेना.

"कावून हसतीस?" शहादेव चिडला.

"तिचं बरोबर हाय. असल्या सालात वैरनीवर बाण मारायचे व्हय?" असं म्हणून तिने उरलेला भाऊही गाईपुढे टाकला.

मग विठ्ठलरावांनी सोसायटीच्या गोदामातल्या फाटक्या गोण्या दिल्या. एका गोणीत चिंध्या भरून पाहिल्या, तर पहिल्याच बाणाने तिचं पोट फाडलं. शहादेवला जिनिंगमधल्या कापसाच्या दाबलेल्या गाठी आठवल्या. सुंदरबाईने गोण्यांच्या घड्या घालून थर रचले, वर-खाली फळ्या ठेवल्या. ती वर उभी राहिली आणि शहादेवने एका हाताने, दातांचीही मदत घेत, दोर आवळला. असा मी जन्मलो. मिटलेल्या पुस्तकाची पानं दिसावीत तशा माझ्या घड्यांच्या कडा समोर होत्या. पातं आडवं आलं तर दोन घड्यांमध्ये अलगद शिरे आणि सहज निघे. तिरपं आलं तर मला चिरत जाई.

सुरुवातीला फार चिरलो. रोज संध्याकाळी सुंदरबाई दाभणाने मला शिवी.

"आदी पातं बघ, मग नेम," शहादेव सांगे.

हळूहळू माझ्या जखमा थांबल्या. मला वाटलं, तिला माझी दया येते. ती काय शिकते आहे, हे मला कळलंच नव्हतं.

दसऱ्याला सगळे वेशीकडे गेले. शहादेव गेला नाही. त्याला बघवलं नसतं. तो मला पाठ टेकून, वेशीकडे कान लावून बसला. हलगी थांबली. मग हलगी एकदम कडाडली.

सुंदरबाई घामाने भिजून आली. "वाऱ्यानं दोर लई हालत व्हता. टोक बाजूला गेलं वो," ती म्हणाली.

शहादेवचा चेहरा उतरला.

"पन पातं आडवं व्हतं. त्येच्या कडंनं दोर कापला."

तिने आपट्याचं पान नवऱ्याच्या हातावर ठेवलं. दुसरं माझ्या मधल्या घडीत खोचलं. "ह्येचाबी मान हाय," ती म्हणाली. माझी एवढी लायकी होती का, याचा विचार मी अजून करतो.

आता धनुष्य तिच्या सुनेच्या हाती आहे. एरवी मी गोठ्यात पडून असतो, कोंबड्या माझ्यावर अंडी घालतात. पण दसरा जवळ आला की म्हातारी सुंदरबाई मला उन्हात काढते आणि ढिला दोर आवळून घेते. मित्रांनो, तुमच्याही परसात असं काही जुनं पडलं असेल. फेकण्याआधी त्याचा दोर एकदा आवळून बघा.

त्या पानाचा माझ्या मधल्या घडीतच आता चुरा झाला आहे. सून नेम धरते तेव्हा सुंदरबाई मागून बजावते, "मधली घडी सोडून मार गं."