सहा जणींच्या मालकीचे मशीन

मी एक जुने कपडे धुण्याचे मशीन आहे. मित्रांनो, जुने मी आहे, कपडे नव्हेत. कपडे मी नवे-जुने सगळेच धुतले. घरात न्हाणीच्या कोपऱ्यात मावणारे मी नव्हे. इस्पितळातल्या अख्ख्या वॉर्डाच्या चादरी माझ्या पोटात एका दमात जात.

कारखान्यातून मी एका लॉन्ड्रीत आले, तेव्हा मला आत घेण्यासाठी दाराची चौकट काढावी लागली. मालक आल्या-गेल्याला माझ्यापुढे उभे करून माझे कौतुक करी. माझ्याजवळ राबणाऱ्या बायकांचे कौतुक त्याने कधी केले नाही. खोलीला खिडकी नव्हती. वाफेने त्यांचा जीव गुदमरे. काम कमी असले की मालक दारातूनच सांगे, "आज नको, उद्या बघू." बिचाऱ्या आल्या पावली परत जात.

त्यांच्यातली एक थोरली. तिची जाऊही तिथेच होती, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. माझ्या दाराची कडी सैल झाल्याचे थोरलीने मालकाला कितीदा तरी सांगितले. "चालतंय ना अजून?" एवढेच तो म्हणे. एके दिवशी मी फिरत असतानाच दार उघडले. कपडे बाहेर पडतील म्हणून थोरली धावली आणि तिचा हात आत ओढला गेला. मला थांबायचे होते, पण थांबणे माझ्या हाती नव्हते. तिची दोन बोटे गेली. आठवडा उलटायच्या आत तिच्या जागी दुसरी बाई उभी होती.

पुढे मालकाने धंदा गुंडाळला आणि मला विकायला काढले. तेव्हा थोरली धाकटीला घेऊन आली. उरलेल्या चौघी दारात सामान बांधत बसल्या होत्या.

"आपणच घेऊ या का हे?" थोरली म्हणाली.

"आपल्याला कर्ज कोण देतंय?" असे बोलणारी कडक होती. ती इस्त्री करी आणि बोलेही तशीच, म्हणून तिचे नाव कडक पडले होते.

"एकेकीला नाही देणार. सहा जणींना देतील."

त्यांनी सहकारी संस्था काढली. जुळवाजुळव कशी केली ते त्याच जाणोत. पण मालकिणी होताच त्यांनी पहिल्या दिवशी माझी कडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला खिडकी पाडून घेतली. थोरलीला कपडे पिळणे जमेना, म्हणून तिला माझ्या बटणांपाशी उभे केले. पुढच्या आठवड्यात कोणाची पाळी कधी, हे आता आधी ठरू लागले. धाकटी बाळंतपणाला गेली, तर बाकीच्यांनी तिचे काम वाटून घेतले. "परत आले तर माझी जागा तश्शीच!" हे तिने शेजारीपाजारी इतक्यांदा सांगितले की लोक तिला बघून रस्ता बदलू लागले. सभा माझ्यापुढेच भरत. माझ्या घरघरीत ओरडून बोलावे लागे, म्हणून बाहेरच्यांना वाटे, भांडणच जुंपले आहे. कधी कधी ते खरेही असे.

मग इस्पितळाने आपले कपडे दूरच्या एका मोठ्या कंपनीला दिले. काम निम्म्यावर आले.

"दोघींना कमी केलं तर चौघी तगतील," कडक म्हणाली.

"कोणाला कमी करायचं? नाव घे," थोरली म्हणाली.

कडकने सगळ्यांकडे एकदा पाहिले. मग खाली बघून म्हणाली, "माझंच घ्या."

पण कोणालाच कमी केले नाही. सगळ्यांनी थोडे थोडे काम वाटून घेतले. सहा चुली मंदावल्या, पण विझली एकही नाही.

धाकटीने चपला झिजवून एका वसतिगृहाचे काम आणले. नेमकी पहिली खेप पोटात असताना माझा आस अडकला. पाळ्या कमी झाल्यापासून मला तेल मिळाले नव्हते. कालच्या पाळीवालीने घातले असेल, असे प्रत्येकीला वाटत गेले. मी किती दिवस करकरत होते, पण करकर म्हणजे काही बोलणे नव्हे. मेकॅनिक मान हलवून म्हणाला, "याचे भाग आता बनतच नाहीत."

सहाही जणींनी अंगणात बसून हाताने चादरी धुतल्या. थोरली तीन बोटांनी टोक धरी आणि धाकटी पीळ घाली. मी खिडकीतून नुसते बघत होते. अर्धी खेप वेळेवर गेली आणि काम कसेबसे टिकले.

मग माझ्यावर मत घेतले. मला मोडीत काढून छोटे मशीन आणायला पाच जणींनी हात वर केले. थोरलीने केला नाही.

"अगं, यानेच तुझी बोटं नेली ना?" कडक म्हणाली.

"त्याने नाही नेली. ज्याने ऐकलं नाही, त्याने नेली," थोरली म्हणाली. पण मग सगळ्यांचे ठरले ते ठरले म्हणून मला बाहेर ढकलायला तीही आली. मला मत असते, तर मीही त्या पाच जणींच्याच बाजूने दिले असते.

आता मी अंगणात आहे. भंगारवाल्याची गाडी आज-उद्या येईल. मित्रांनो, जी वस्तू सगळ्यांची असते, तिच्याकडे दुसऱ्याने बघितले असेल असे समजू नका. आधी आपण जाऊन बघा. सहा घरांचा घास तिच्यावर असतो, आणि तिला हाक मारता येत नाही.

आतून छोट्या मशीनची घरघर ऐकू येते. ते दमाने चालते, पण चालते. त्याला आज तेल कोणी घातले की नाही, ते मला इथून दिसत नाही.