छातीवरचं वजन

"गोळी गिळली का, आप्पा?"

"हाव."

"तोंड उघडा बरं," मी म्हणाले.

आप्पांनी तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने गोळी हातावर काढली आणि खाटेच्या सुंभात खोचली. तिथे आधीच्याही होत्या.

भूकंपानंतर मिळालेलं स्लॅबचं घर आम्ही सोयाबीनच्या पोत्यांना दिलं आहे. आप्पा तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्येच झोपतात. किल्लारीत याचं कुणाला नवल नाही. मी याच पत्र्याखाली वाढले, बीएस्सी झाले. पण आता पत्रा गार पडला की आप्पांचा दमा उठतो. गेल्या हिवाळ्यात वाचले, एवढंच. रात्री छातीवर वजन येतं, दम कोंडतो, हे ऐकून लातूरचे डॉक्टर म्हणाले, "हे नाइटमेअर आहे, वाईट स्वप्न. या गोळीने ते थांबलं की घरात झोपतील."

मी तो शब्द शोधला होता.

"त्यातलं मेअर म्हणजे इंग्रजीतली घोडी नाही, आप्पा. पूर्वी विलायतेतले लोक मानायचे, मेअर नावाचं भूत झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसतं, दम कोंडतं. खरं म्हणजे मेंदू जागा होतो अन् अंग जागं होत नाही. छातीवर कुणी नसतं."

"असतं की."

आईने भाकरी थापायची थांबवली. "कशाला सांगायलाव तिला?"

"शिकलेली हाय. कळू दे." आप्पा पत्र्याकडे बघत बोलले. "सिंधू माज्या छातीवरच झोपायची. त्या राती बी. भिंत पडली तवा तशीच ऱ्हायली. आधी गळ्याला गरम श्वास लागायचा. उजाडलं तवा नुसतं वजन."

सिंधू माझी बहीण. माझ्या जन्माआधी गेलेली. तिचे फोटोही ढिगाऱ्यातच राहिले.

"अजून येती. तेवढीच हाय, वाढली न्हाई. ही गोळी घेतली का येत न्हाई. बघितलं म्या घेऊन."

"आणि दमा, आप्पा?"

लहानपणी त्यांनी मला खांद्यावर घेतलं, पाठुंगळी घेतलं. छातीवर कधीच नाही.

आप्पांच्या खाटेसाठी घरात पोती सरकवून जागा केली होती. संध्याकाळी आईने आणि मी ती पोती परत ओढून लावली. गार वारं सुटलं होतं.

दम्याच्या माणसाने उताणं झोपू नये. मी शेडमध्ये उशी द्यायला गेले तेव्हा आप्पा उताणेच पडले होते. चादर कमरेपर्यंत होती. दोन्ही हात त्यांनी बाजूला ठेवले होते, छातीपासून दूर.